राजा-गुलाम टाकून द्यायचा

नाही, नाही, ताई, असं नाही चालायचं — राजा-गुलाम दिसला की लगेच दात पुढे सरकवायचे, हे सोमवार ते शनिवार ठीक आहे, पण मी आत्ता काय म्हटलं? आता रविवार धरा म्हटलं. रविवारी ही दोन पानं टाकून द्यायची. हो, टाकूनच. हळहळायचं नाही. राजा बदामाचा, गुलाम किलवरचा, दोघांचा रंगही एक नाही — मग तर डोळे मिटून टाकायची. का म्हणजे? सांगते ना, बाबांना सांभाळायला यायचं तर हे आलंच पाहिजे, त्यासाठीच तर बसलोय. चहा घ्या आधी, निवतोय. आणि त्या दातांना घाबरू नका हो, कुणाच्या तोंडातले नाहीत ते, कोरे आहेत. मी कवळ्या करायचे. करायचे म्हणजे — अजूनही करते, मागच्या खोलीत. लॅबमधून ठसे येतात, मी मेणात दात बसवते, साचा भरते, घासून चकचकीत करून परत पाठवते. छटा न जुळलेले दात उरतात, ते डब्यात टाकायचे. आधी आम्ही काड्या लावून खेळायचो, एकदा काड्यापेटी सापडेना, तर बाबांनीच त्या डब्याकडे बोट केलं — तेव्हापासून आमचा डाव दातांवर. साधा दात म्हणजे एक, दाढ म्हणजे पाच. सुळे वापरायचे नाहीत, सुळे टेबलावर घरंगळतात.

तर बाबांचा डाव मर्यादेचा. तुम्ही सकाळी खेळलात तो. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मग मध्ये पाच उघडी — आधी तीन, मग एक, मग एक — ती सगळ्यांची सामाईक. आपली दोन आणि ती मिळून ज्याचा जोड भारी, तो जिंकला. दर थांब्याला लावायचं, पण किती लावायचं ते ठरलेलं. आधी दोन-दोन दात, शेवटी चार-चार. तुमच्यापुढे डोंगर असो नाहीतर उंदराचं बीळ, एका वेळी तेवढेच. बाबा बोटीवर होते ना, इंजिनघरात, तिथला शिरस्ता हा. कप्तानानंच घातलेली मर्यादा — कारण समुद्रावर हरलेला माणूस जाणार कुठे? तिथंच, त्याच लोखंडी खोलीत, जिंकलेल्याच्या वरच्या फळीवर झोपणार. मग रात्री कोण कुणाचा गळा धरेल याचा नेम नाही. म्हणून थोडं थोडं हरा, थोडं थोडं जिंका, आणि बंदर येईपर्यंत एकमेकांचं तोंड बघत राहा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, खरंय, पण दात कोरून कुणी मरतही नाही.

आणि या डावात राजा-गुलाम चांगला. का? कारण मध्ये एखादा राजा पडला की तुमची राजांची जोडी झाली, आणि मर्यादेच्या डावात बहुतेक वेळा एका मोठ्या जोडीवर काम होऊन जातं. समोरच्याकडे एक्का-राजा निघाला, म्हणजे त्याचीही राजांची जोडी आणि वर एक्का, तुम्ही हरलात, तर किती गेलं? दहा-बारा दात. चुकचुकायचं आणि पुढचं पान घ्यायचं. उलट दुर्रीची जोडी, तिर्रीची जोडी — या इथं फुसक्या. तिसरी तिर्री पडेल तेव्हा पडेल, तोवर दोन-दोन दात देत बसा, आणि पडली तरी समोरच्याकडून मिळणार किती? तेच ठरलेले चार. कष्ट गाढवाचे आणि चारा शेळीचा. कळलं? म्हणून सोमवार ते शनिवार मोठी पानं, मोठी पानं, मोठी पानं.

बाबांना तर हाच डाव जमतो. झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि शब्द गेले. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं ना तुम्हाला, पण शब्द येत नाही. मग ते बोटानं टकटक करतात — एक टकटक म्हणजे सोडलं, दोन म्हणजे तुमच्याइतकं, तीन म्हणजे वाढवलं. ‘किती वाढवलं’ हा प्रश्नच नाही, किती ते ठरलेलं आहे. आणि पानं उभी करायला तो गुलाबी स्टँड — बघितलात ना — तो मी केला, कवळीचंच सामान, हिरड्यांचा गुलाबी. दादा म्हणाला, बाबांची पानं हसताहेत असं वाटतं. दादाला विनोद सुचतात. बाथरूमचे नळ विकतो ना, दिवसभर गिऱ्हाइकांना हसवायचं, तीच सवय घरी.

आता रविवार. रविवारी दादा येतो आणि धाकटी बहीण येते. जेवतात, आणि दुपारी बसतो चौघं याच टेबलाला. पूर्वी रविवारीही बाबांचाच डाव असायचा. मग दादाला कंटाळा आला. म्हणाला, ‘हे काय गं, तासभर खेळायचं आणि कुणाचं काही वाकडं होत नाही. मर्यादा काढून टाकू.’ मी म्हटलं, ‘बाबांना नाही जमायचं.’ तर तो बाबांकडे वळून म्हणतो, ‘जमेल ना हो, बाबा?’ आणि बाबांनी दोनदा टकटक केलं. संपलं. तेव्हापासून रविवारी बिनमर्यादेचा. पुढ्यात आहे तेवढं सगळं, कधीही, एका झटक्यात लावता येतं. आणि तिथं पानांची किंमतच फिरते, ताई. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण आधीच्या बायका इथंच चुकल्या. तीच बावन्न पानं, तीच चित्रं — पण कालचं शहाणपण आज खड्ड्यात घालतं.

बघा. राजा-गुलाम. मध्ये राजा पडला, तुम्ही खूश. तुम्ही लावलं, समोरचा म्हणतो, माझं सगळं. आता? तुमच्या राजापुढे माणूस सगळं कधी लावतो? एक्का-राजा असेल तेव्हा, नाहीतर त्याहून काही भारी. म्हणजे जिंकलात तर थोडंसं जिंकणार, कारण हलक्या पानांचा माणूस आधीच पळालेला असतो, आणि हरलात तर नागवलेच. राजा-गुलाम म्हणजे दाखवायचे दात. दुसऱ्या नंबरची पानं ही. बिनमर्यादेच्या डावात वाईट पानं माणसाला बुडवत नाहीत — वाईट पानं आपण टाकतोच की — दुसऱ्या नंबरची पानं बुडवतात. आणि ती फुसकी तिर्रीची जोडी? ती रविवारी ठेवायची. स्वस्तात बघायला मिळतंय तोवर बघायचं, तिसरी तिर्री नाही पडली तर गुपचूप उठायचं. पडली तर कुणाच्या बापाला कळत नाही तुमच्याकडे काय आहे ते, आणि समोरच्याचा सगळा ढीग तुमचा. एका रंगाची लागोपाठची पानंही तशीच — सत्ती-अठ्ठी इस्पिकची, असली. आणि आपली बोलायची पाळी शेवटी असेल तेव्हाच फार हात पसरायचे. आधी बोलणाऱ्यानं मुकाट टाकावीत. हं, लिहून नका घेऊ, लिहिलेलं बाबांना आवडत नाही.

आधीच्या बायका? आल्या ना तीन-चार. संस्थेनं सांगितलं नाही तुम्हाला? एक होती, ती प्रत्येक हात खेळायची — दुर्री असो, काही असो, ‘बघू तर खरं’ म्हणायची. बाबा वैतागले. म्हणजे मीच — मला दिसत होतं ना ते वैतागलेत. दुसरी पानं मांडीवर ठेवायची. तिसरी खोकायची. खोकण्याचं डावाशी काही नाही, पण दुपारभर ते ऐकायचं कुणी? मी सांगितलं, नको. अंघोळ घालणं, गोळ्या देणं, कूस बदलणं, ते कुणीही शिकतं हो, पण बाबांना दुपारी डाव लागतो, आणि त्यांच्या तोडीचं कुणी नसलं की ते भिंतीकडे बघत बसतात. मग मी माणसाला इथं सोडून जाणार कशी?

कुठं म्हणजे — दादानं फोनवर सांगितलं नाही वाटतं. बंदराच्या गावात माझ्या जुन्या लॅबमधल्या एकानं स्वतःची लॅब काढलीय. आम्ही त्याला उंट म्हणायचो. मान वाकवून काम करायचा, एवढा उंच. पुढचे दात लावण्यात त्याच्यासारखा हात नाही कुणाचा, आणि मागच्या दाढांत माझ्यासारखा — हे मी नाही म्हणत, तो म्हणतो. त्याला भागीदार हवाय. लॅबच्या वर खोली आहे, खिडकीतून क्रेन दिसतात म्हणे. पगारी नोकर नव्हे, भागीदार. आणि — नाही, तसं काही नाही हो. म्हणजे त्याची बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. तो शनिवारी फोन करतो. दात, मेण, हवा-पाणी, इकडचं तिकडचं. मग शेवटी विचारतो, ‘कधी?’

तर मी हे रविवारी टेबलावर बोलले. पानं पिसता पिसता बोलले, कारण समोरासमोर बसून बोलायची आमच्या घरात रीत नाही. म्हटलं, मला जायचंय, बाबांना तुम्ही दोघांपैकी कुणीतरी न्या. धाकटी म्हणाली, तिच्या घराला तीन जिने आहेत. दादा म्हणाला, वहिनीचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. धाकटी म्हणाली, गुडघा काय कायमचा नसतो. मग जुंपली दोघांची — जिना, गुडघा, जिना, गुडघा — आणि बाबा मध्ये, एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघताहेत. शेवटी दादा हसला. म्हणाला, ‘कशाला भांडता? डावावर ठेवू. ज्याचे दात आधी संपतील, त्यानं बाबांना वर्षभर न्यायचं.’ धाकटी म्हणाली, ‘चालेल.’ आणि मी — मीही म्हटलं, चालेल. मी आधी हरले तर मी इथंच. गंमत म्हणून, तुम्हाला काय वाटलं? गंमतच होती ती. अर्धी तरी होती. बाबा समोर बसलेत, ऐकताहेत, आणि आम्ही तिघं पानं वाटतोय. त्यांच्यापुढेही दातांचा ढीग होता, पण त्यांना त्यात कुणी धरलंच नव्हतं. पणाला लावलेला माणूस खेळणारा कसा असेल?

मला आला राजा-गुलाम. वेगवेगळ्या रंगांचे. आणि मी खेळले. हो ना, मलाच ठाऊक होतं, मीच तुम्हाला आत्ता घसा कोरडा करून सांगितलं, पण आठवड्याचे सहा दिवस ज्या पानांवर आपण जगतो ती सातव्या दिवशी हातातून सुटत नाहीत. मध्ये पडला राजा, नव्वी, चौका. दादानं टाकली. धाकटीनं टाकली. राहिलो मी आणि बाबा. मी थोडे दात सरकवले. आणि बाबांनी — बघा, बिनमर्यादेच्या डावात ‘किती’ ते सांगावं लागतं, आणि बाबा सांगणार कसे? त्यांना एकच सांगता येतं. त्यांनी डावा हात ढिगाच्या मागे ठेवला आणि लोटला सगळा ढीग पुढे. दाढा, दात, सगळं. एक दात खाली पडला, तो धाकटीनं उचलून वर ठेवला.

आता तुम्ही सांगा, काय करायचं? — बरोबर. टाकायची. बाबा म्हणजे इंजिनघरातला माणूस, वाफ किती आहे ते बघितल्याशिवाय दांडा न ओढणारा. जन्मभर त्यांना उगाच काही लावताना मी बघितलं नाही. त्यांनी सगळं लोटलं म्हणजे एक्का-राजा असणार, नाहीतर नव्व्यांची तिकडी. मला हे असं लख्ख दिसत होतं, तुम्ही समोर दिसताय तसं. आणि मी माझे सगळे दात पुढे केले. जराही थांबले नाही. दादा म्हणाला, ‘अगं, विचार तरी कर!’ मी म्हटलं, झालं, आता हरले, संपलं एकदाचं, आणि मनात असं हलकं वाटलं, ताई, चला, सुटले —

अडकले. अडकले म्हणायचं होतं मला. बोलण्याच्या ओघात होतं असं.

मग मी बाबांच्या स्टँडवरची पानं उलटवली, त्यांना एका हातानं ते जमत नाही. सत्ती आणि दुर्री. सत्ती चौकटची, दुर्री इस्पिकची. सगळ्या पानांत याहून टाकाऊ जोड नाही — मर्यादेत नाही, बिनमर्यादेत नाही, कुठल्या समुद्रावर नाही. दोन्ही डावांत पहिली टाकायची ती हीच. आणि पुढची दोन पानंही त्यांना काही देऊन गेली नाहीत. माझी राजांची जोडी जिंकली. बाबांच्या पुढ्यात काही उरलं नाही, नुसतं टेबलाचं लाकूड. मग दादा टाळी देत म्हणाला, ‘बाबा आधी संपले! आता बाबांनीच बाबांना सांभाळायचं!’ धाकटी हसली. मीही हसले. सगळे हसलो आम्ही. बाबा नाही हसले. त्यांनी तो डावा हात मांडीवर घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले, मी दात गोळा करेपर्यंत.

त्याच संध्याकाळी दोघांनी ठरवलं — तू जा, बाई ठेवू, आम्ही दोघं मिळून बघू, रविवारी येऊच. कुणालाही न्यावं लागलं नाही ना, मग मन मोठं झालं. इतकं सोपं होतं बघा. दारच उघडं.

काय? — कोण म्हणालं मुद्दाम? तुम्ही कालपरवा आलेल्या, तुम्हाला काय ठाऊक? हात घसरला असेल त्यांचा. डावा हात आहे, त्याला सवय नाही, थोडं लोटायला गेले आणि सगळं गेलं. नाहीतर पानं नीट दिसली नसतील. सत्ती आणि एक्का लांबून — बरं, नाही दिसत सारखे, मलाही कळतं. पण मुद्दाम सत्ती-दुर्री घेऊन कुणी बसतं का? हरायला कुणी बसतं का डावाला? तुम्ही अशा माझ्याकडे बघू नका. माझं वेगळं होतं.

मुद्दाम केलं असेल तर मला जावं लागेल ना. तेवढं तरी लक्षात घ्या. आजवर कुणी विचारलं तर सांगता येत होतं, बाबा आहेत. लग्नाचं विचारलं — बाबा आहेत. धाकटीनं फिरायला बोलावलं — बाबा आहेत, कशी येऊ. तेव्हा तर ते धडधाकट होते, स्वतःच्या हातानं दाढी करायचे. इथं मला प्रत्येक दिवस ठाऊक आहे. थोडं जातं, थोडं येतं. तिथं काय आहे? एक उंच माणूस, एक खिडकी, आणि उद्या जमलं नाही तर परत यायला —

वाजू दे तो फोन. नको, तुम्ही उठू नका. मला माहीत आहे कोणाचा आहे. बंद होईल. फार वेळ वाजवत नाही तो, भिडस्त आहे. उचलला की विचारेल, ‘कधी?’, आणि मी सांगेन, ‘अरे, बाबा सोडतच नाहीत, हात धरून बसतात, रडतात’ —

बघा. झाला बंद.

काही नाही. चहा निवला तुमचा, तसाच ठेवा. एक शेवटचं विचारते, मग झालं. तिर्रीची जोडी, रविवारचा डाव, तुमच्या आधी दोघांनी थोडं थोडं लावलंय, शेवटी बोलायचंय तुम्हाला. हं. आणि हाच हात मंगळवारी, आधी बोलायचं असेल तर? हं. आणि एक्का-दश्शी वेगळ्या रंगांचे, रविवारी, समोरच्यानं वाढवलंय? — बरोबर. सगळं बरोबर. कुठं शिकलात एवढ्या लवकर? रुग्णालयात, रात्रपाळीला रुग्णांबरोबर — असं का. म्हणून सकाळी मी स्वयंपाकघरात होते तर मला आतून आवाज आला. मला वाटलं, ठसका लागला बाबांना, मी पातेलं तसंच टाकून धावत आले. तर ते हसत होते. तुम्ही त्यांची राण्यांची जोडी हरवली म्हणून हसत होते. किती दिवसांनी. तोंड एका बाजूला जातं हसताना, आणि त्यांनी ते लपवलंही नाही तुमच्यापासून.

तुम्ही चांगल्या आहात हो. ते नाही म्हणत मी. हात हलका आहे, बोलणं कमी आहे, खोकत नाही. तुम्हाला कुणीही घेईल.

पण असं आहे की — बाबांना थोडं जड जातं नवं माणूस. त्यांना नाही आवडलं. मी ओळखते ना त्यांना. ते बोलू शकत नाहीत म्हणून मला बोलावं लागतं. संस्थेला मी कळवते, तुमच्याबद्दल वाईट काही सांगणार नाही, एवढंच सांगेन की जमलं नाही. उद्या येऊ नका. आत जाऊन सांगायची गरज नाही, झोपलेत ते. — नाही, जागे नाहीत. मी म्हणतेय ना, झोपलेत. तुमची पर्स त्या खुर्चीवर आहे. जाताना दार नुसतं ओढून घ्या, ते आपोआप लागतं.